आधी ‘कुठे’, मग ‘कोण’

मे महिन्यातली गोष्ट. दहावीची परीक्षा देऊन आमची नात नाशिकहून डोंबिवलीला सुट्टीला आली, ती एक बेत मनात धरूनच. तिला संगणक हवा होता, पण दुकानातून तयार आणलेला नको होता. सुटे भाग आणून तो ती स्वतः जोडणार होती. तिला अ‍ॅनिमेशन शिकायचे आहे आणि त्यासाठी काय काय लागते याची यादी तिने वहीची दोन पाने भरून केली होती. तीन-चार वर्षांची साठवलेली ओवाळणी, वाढदिवसाची पाकिटे आणि उरलेली भर माझ्या निवृत्तिवेतनातून, असा आमचा संयुक्त प्रकल्प ठरला. एका सकाळी आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार म्हणून साऱ्या मुंबईला तो जुन्याच नावाने ठाऊक आहे. संध्याकाळच्या लोकलमधून तान्ह्या मुलाला सांभाळावे तशी ती खोकी सांभाळत आम्ही घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रे पसरून पोरीने काम सुरू केले. मदरबोर्ड, त्याच्या चौकोनी खाचेत प्रोसेसर, त्यावर पंखा, पट्टीसारख्या दोन रॅम, भलेमोठे ग्राफिक्स कार्ड आणि या साऱ्यांना वीज पुरवणारी ती जड पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात. मी स्क्रू देणारा मदतनीस. दुपारी चारच्या सुमारास सगळे कॅबिनेटमध्ये बसले. सौ. देवापुढे साखर ठेवून आल्या. नातीने बटण दाबले. पंखे फिरू लागले, आतले रंगीत दिवे लागले, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि पडदा मात्र काळाच राहिला. एक मिनिट, काळा. बंद करून पुन्हा सुरू केला, काळा. दहा वेळा केला, दहाही वेळा काळा.

पुढच्या अर्ध्या तासात आमच्या घरात जे घडले, त्याबद्दलच हा लेख आहे.

जावईबापूंना फोन लावला. ते म्हणाले, “दुकानदाराने जुना माल गळ्यात मारलेला दिसतोय. उद्या सगळं परत करा.” दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “काका, माल सीलबंद दिलाय. जोडणी तुम्ही घरी केलीत. आता काही जळलं असेल तर आमची जबाबदारी नाही.” शेजारचे गृहस्थ डोकावून गेले. त्यांच्या मते हा सोसायटीच्या कमी-जास्त व्होल्टेजचा प्रताप होता आणि त्याला सेक्रेटरी जबाबदार होते. सौ.नी माझ्याकडे पाहिले आणि “पोरीच्या हातात एवढ्या पैशांच्या वस्तू द्यायच्याच कशाला?” असे विचारले. म्हणजे अर्ध्या तासात चार आरोपी उभे राहिले: दुकानदार, नात, सेक्रेटरी आणि मी. पाचवी तक्रार सर्वांत वाईट होती. खुर्चीत पाय जवळ घेऊन बसलेली नात म्हणाली, “आजोबा, मीच मोडला तो.”

संगणक कुठे अडला आहे हे आमच्यापैकी एकानेही अजून पाहिले नव्हते. तो कोणामुळे अडला, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक होते.

आणि मला एकदम १९८६ सालची एक संध्याकाळ आठवली. ती मी आजवर कुठल्याही कादंबरीत लिहिलेली नाही. लिहिण्याचा धीर झाला नाही, हे अधिक खरे.

मी तेव्हा एका बँकेच्या सातारा जिल्ह्यातल्या शाखेत नवखा अधिकारी होतो. सारा कारभार हाताने लिहिलेल्या वह्यांचा. दिवसअखेर कॅशियरची रोकड आणि आमचे डे बुक यांचा मेळ बसला पाहिजे, बसेपर्यंत कोणी घरी जायचे नाही, हा दंडक. त्या दिवशी माझ्या वहीप्रमाणे २,७०० रुपये कमी भरत होते. कॅशियर म्हणत होता, “साहेब, माझ्या वहीप्रमाणे रोकड बरोबर आहे.” त्या काळी कारकुनाच्या पगाराच्या मानाने ही रक्कम मोठी होती. आठ वाजले. शेवटची एस.टी. जायची वेळ झाली. मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, “तुमची पिशवी जरा दाखवा.”

त्याने एक शब्द न बोलता पिशवी टेबलावर पालथी केली. त्यातून रिकामा डबा निघाला, एक छत्री निघाली आणि औषधाची एक बाटली.

कोपऱ्यात बसलेले आमचे वयस्क हेडक्लार्क उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “साहेब, फरकाला नवाने भाग जातोय का बघा.” २,७०० ला नवाने भाग जातो. ते म्हणाले, “मग आकडे उलटसुलट झालेत का ते आधी पाहू.” आम्ही व्हाउचरे आणि डे बुक समोरासमोर ठेवून एकेका नोंदीवर खूण करीत निघालो. तिसऱ्या पानावर सापडले. व्हाउचर ५,२०० चे होते. डे बुकात २,५०० लिहिले होते. अक्षर माझे होते.

या नवाच्या युक्तीत जादू काही नाही. दोन शेजारचे आकडे उलटे लिहिले गेले, की फरक नेहमी नवाच्या पटीतच येतो. ५२ आणि २५ यांच्यातला फरक २७, म्हणजे नऊ त्रिक. ८१ चे १८ लिहा, फरक ६३, नऊ सत्ते. तसेच, एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो. म्हणून फरकाची निमपट करून ती रक्कम शोधायची. जुन्या बँकवाल्यांना हे तोंडपाठ असे. अर्थात नवाने भाग गेला म्हणजे हीच चूक असणार, असे नव्हे. तो पुरावा नसतो, कुठे आधी पाहावे याची ती खूण असते. पण खूण मिळाली की माणसांकडे बघायचे सोडून आपण वहीकडे बघू लागतो, हाच तिचा मोठा उपकार.

मी त्या कॅशियरची माफी मागितली. “असू द्या साहेब,” एवढेच तो म्हणाला. त्यानंतर दोन वर्षे आम्ही एकाच शाखेत होतो. पूर्वी आम्ही सगळे डबे एकत्र उघडत असू. तो मात्र पुन्हा कधी माझ्याबरोबर जेवायला बसला नाही.

तर त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी मी नातीला म्हणालो, “तू मोडलास की नाही ते नंतर ठरवू. आधी आपण टॅली करू.” मला संगणकातले फारसे कळत नाही. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा मी आयुष्याची काही वर्षे लेजरमध्ये घालवून बसलो होतो. पुढे मी तो वापरला, पण त्याचे पोट कधी उघडून पाहिले नाही. टॅली मात्र मला कळते. तिचे नियम चारच. जे जे पाहिले ते लिहून ठेवायचे. जिथवर बरोबर आहे तिथवर खूण करायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि ‘असेल’ हा शब्द वहीत लिहायचा नाही.

नातीने डोळे पुसले आणि वहीचे नवे पान काढले.

पहिला प्रश्न, वीज येते का? पंखे फिरतात, म्हणजे भिंतीपासून पेटीपर्यंत आणि पेटीपासून मदरबोर्डापर्यंत ती येते. एक खूण. पंखेही फिरले नसते, तर पेटीच्या पाठीमागचे छोटे बटण चालू आहे का, आणि पुढच्या बटणाच्या बारीक वायरी मदरबोर्डाच्या योग्य टोकांवर बसल्या आहेत का, हे आधी पाहावे लागले असते. इथे मला एक नवी गोष्ट कळली. आमच्या बँकेतल्या सुरुवातीच्या संगणकांना खट्‌कन वाजणारे बटण असे, ते थेट वीज तोडत-जोडत असे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली, तेव्हापासून पुढचे बटण वीज जोडत नाही. ते मदरबोर्डाकडे नुसता अर्ज करते, आणि मदरबोर्ड पेटीला हुकूम देतो. अर्जाची चिठ्ठीच पोचली नाही, तर साहेब कितीही कार्यक्षम असून काय उपयोग!

दुसरा प्रश्न, प्रोसेसरला वीज येते का? मदरबोर्डाला चोवीस पिनांची जाड वायर लागतेच. पण प्रोसेसरसाठी वरच्या कोपऱ्यात आणखी एक आठ पिनांची वायर जोडावी लागते. ती राहिली, तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पुढे काहीच होत नाही. नवखे लोक हमखास इथे चुकतात म्हणे. नातीने पाहिले. ती बसलेली होती. खूण.

तिसरा प्रश्न, पडदा चांगला आहे का? माझ्या जुन्या लॅपटॉपला तो जोडून पाहिला. चांगला होता, वायरही चांगली होती. आणि इथे पहिली चूक सापडली. पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत लावायला हवी होती, ती लावली होती वरच्या, मदरबोर्डाच्या खाचेत. नातीने कपाळावर हात मारला, वायर बदलली आणि बटण दाबले.

पडदा काळाच.

तिचा चेहरा पुन्हा उतरला. मी तिला सांगितले, की बँकेत हे नेहमी होते. फरकाच्या मागे दोन चुका असतात, आणि एक सापडली की माणूस घाईने वही मिटतो. “एक सापडली ती लिही आणि पुढे चल.”

चौथा प्रश्न तिनेच काढला. संगणक सुरू होताना प्रथम स्वतःची तपासणी करतो. तिला पॉवर-ऑन सेल्फ-टेस्ट, थोडक्यात ‘पोस्ट’ म्हणतात. १९८१ सालच्या आयबीएमच्या पहिल्या पीसीतही ती होती, आणि सारे ठीक असले की तो एकदा ‘बीप’ असा आवाज करी. हल्लीच्या अनेक मदरबोर्डांवर त्यासाठी चार चिमुकले दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांचे. तपासणी जिथे अडते तो दिवा लागून राहतो. आम्ही ज्या रंगीत दिव्यांवर टाळ्या वाजवल्या होत्या ते शोभेचे होते. कोपऱ्यात एक पिवळा ठिपका पहिल्यापासून लागून होता, त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. त्याच्याशेजारी रॅमचे नाव छापलेले होते. म्हणजे यंत्र अर्धा तास आपले दुखणे सांगत होते, आणि आम्ही फोनवर बोलत होतो.

संगणक बंद केला, भिंतीतला प्लग काढला. दोन्ही रॅम काढून एकच परत बसवली, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. नातीने दोन्ही अंगठ्यांनी दाबली. ‘टक्‌’ असा आवाज झाला. ती थबकली. “आजोबा, काल... म्हणजे मघाशी हा आवाज आलाच नव्हता.” त्या खाचेला एकाच टोकाला खिट्टी होती. खिट्टीचे टोक बसले, की दुसरेही बसल्यासारखे दिसते, आणि रॅम केसभर वर राहते. ती मोडू नये म्हणून पोरीने बेताने दाबली होती. तिची चूक कसली म्हणायची तर हळुवारपणाची.

प्लग लावला, बटण दाबले. पिवळा दिवा लागलेलाच. अर्ध्या मिनिटाने तिचा हात पुन्हा बटणाकडे गेला. मी म्हणालो, “पुस्तिकेत काही लिहिलंय का?” लिहिले होते. नव्या, डीडीआर फाइव्ह जातीच्या रॅमची आणि मदरबोर्डाची पहिल्यांदा गाठ पडते, तेव्हा एकमेकांची चाल जुळवून घ्यायला त्यांना काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो. आमचा दहा वेळा चालू-बंदचा खेळ, रॅम नीट बसलेली असती तरीही, फुकटच गेला असता.

मी चहा टाकायला उठलो. आधण आले, साखर पडली, आणि बाहेरून किंकाळी आली. पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली होती. मग पुन्हा बंद करून दुसरी रॅम बसवली, तीही ‘टक्‌’ करून, आणि पुन्हा काही मिनिटे थांबलो. दोन्ही रॅम दिसल्या. रात्रीचे आठ वाजले होते. १९८६ सालीही आठच वाजले होते.

हिशेब मांडला तर असा होता. दुकानदाराचा माल चोख होता. सोसायटीची वीज ठीक होती. नातीने काहीही मोडले नव्हते. एक वायर भलत्या खाचेत, दोन पट्ट्या केसभर वर, आणि आम्हा सर्वांच्या अंगात घाई, एवढाच फरक. सौ.नी मात्र आपला आरोप अजून मागे घेतलेला नाही.

मला म्हणायचे आहे ते असे. काही बिघडले, की ‘कुठे?’ हा प्रश्न विचारायच्या आधी ‘कोणी?’ हा प्रश्न विचारायची आपल्याला सवय जडली आहे. घरात दूध नासले, की आधी सून आठवते, फ्रीजचे दार नाही. मुलाचे गणित चुकते, की आपण ‘अभ्यास करत नाहीस’ म्हणतो. कुठल्या पायरीवर चुकले ते पाहत नाही. तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर लाल फुली असते, आणि फुलीतून मुलाला एवढेच कळते, की चुकलो. हातचा विसरला, की चिन्ह बदलायचे राहिले, की प्रश्नच वाचला नाही, ते त्या फुलीत नसते. असा मुलगा पुढे एक तर चूक लपवायला शिकतो, नाही तर माझ्या नातीसारखा, न केलेली चूकही अंगावर घ्यायला शिकतो. दोन्ही वाईट.

कोणी म्हणेल, मग जबाबदारी कोणाचीच नाही का? आहे. बँकेत मी अफरातफरीही पाहिल्या आहेत, आणि तिथे माणूस शोधावाच लागतो. पण तोही वहीतून सापडतो, पिशवीतून नव्हे. आधी कुठे, मग का, आणि सर्वांत शेवटी कोण, हा क्रम सोडला, की चोर सुटतो आणि डबा घेऊन आलेला माणूस सापडतो.

दुसरे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मेकॅनिक बोलवावा. जरूर बोलवावा. प्रत्येकाने प्रत्येक यंत्र उघडावे असे माझे म्हणणे नाही. ती एसएमपीएसची पेटी तर घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या पोटात धक्का देण्याइतकी वीज साठून राहू शकते. कुठे थांबायचे हे कळणे हाही शोधण्याचाच भाग आहे. पण मेकॅनिकला बोलावतानासुद्धा ‘चालत नाही हो’ म्हणणारे गिऱ्हाईक आणि ‘पंखे फिरतात, पडदा चांगला आहे, रॅमचा दिवा लागून राहतो’ म्हणणारे गिऱ्हाईक यांत फरक आहे. दुसऱ्याला फसवणे कठीण असते.

आणि शिकायला जागाही आता कमी होत चालल्या आहेत. आमच्या लहानपणी सायकल, स्टोव्ह, रेडिओ, शिलाई यंत्र, सगळे उघडता येई. स्टोव्हला पिन मारता मारता घरातल्या बायका बिघाडाचे शास्त्र शिकत, त्याला कोणी शास्त्र म्हणत नसे एवढेच. आजचा मोबाइल डिंकाने चिकटवलेला असतो. तो बिघडला की बदलायचा. वस्तू दुरुस्त करण्याचा ग्राहकाला हक्क असावा, यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल सुरू केले, हे चांगलेच झाले. पण हक्क मिळून पुरत नाही, सवयही लागते. ती सवय लावायला साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडणारी एखादी वस्तू घरात असावी, आणि मुलाच्या हातून ती बिघडली तर आरडाओरडा न करणारे एखादे मोठे माणूसही असावे.

नात जूनमध्ये नाशिकला गेली. संगणक तिच्याबरोबर गेला, वहीचे ते पान मी मागून घेतले.

गेल्या आठवड्यात सकाळी आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होईना. खाली गेलो तर चार सभासद वॉचमनला घेरून उभे. रात्री झोपला असशील, बटण दाबायला विसरला असशील, मोटर जाळलीस की काय? तो मान खाली घालून उभा होता. मला त्याच्या खांद्यावरची पिशवी दिसली.

मी त्याला म्हणालो, “मामा, पाणी कुठपर्यंत आलंय?”

“कुठंच नाही साहेब,” तो म्हणाला. “पहाटे नळालाच आलं नाही. खालची टाकी कोरडी आहे. टाकीत पाणी नसलं, की पंप आपोआप बंद राहतो, जळू नये म्हणून. केव्हाचं सांगायचं होतं.”

त्याला तोपर्यंत कोणी विचारलेच नव्हते.